मागचा डावा कोपरा

आमच्या घरातली सगळ्यात जड वस्तू कपाट नाही, फ्रिज नाही, गव्हाची कोठीसुद्धा नाही. ती आहे हॉलमधली माशांची टाकी. चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. सतरा इंचांपर्यंत भरली की साधारण २४० लिटर पाणी बसतं, आणि लिटरला एक किलो धरला की २४० किलो. त्यात आठ मिलिमीटर जाडीच्या काचा चाळीसेक किलोच्या, तळाला वाळू आणि खडे, वर झाकण. तीनशेचा आकडा सहज पार होतो. म्हणजे साताऱ्यात, यादोगोपाळ पेठेतल्या आमच्या पहिल्या मजल्यावर, एका कोपऱ्यात चार-पाच पाहुणे गेली तेरा वर्षं दाटीवाटीनं उभे आहेत आणि त्यांना कुणी बसासुद्धा म्हणालेलं नाही.

राहत्या घराच्या खोलीचा स्लॅब दर चौरस मीटरला साधारण २०० किलो भार धरून आखतात. टाकीच्या खाली जागा आहे अर्ध्या चौरस मीटरहून थोडी जास्त. हिशेब ऐकून घाबरायला होतं, पण स्लॅब हा काही पापड नाही. एका जागचा भार तो आजूबाजूला वाटून घेतो, आणि पप्पांनी टाकी मुद्दाम भिंतीला लागून, खालून बीम जातो तिथं ठेवली होती. तेवढी अक्कल त्यांना पहिल्यापासून. एकतीस वर्षं मोती चौकाजवळच्या एका फ्रेमच्या दुकानात त्यांनी काचा कापल्या. देवांचे फोटो, लग्नाचे फोटो, आणि गेलेल्या माणसांचे, जे नेहमी घाईत लागतात. रॉकेलमध्ये बुडवलेली हिऱ्याची कटर, लाकडी पट्टी, एकच रेघ, आणि मग टेबलाच्या कडेवर टक्. मी लहानपणी तो आवाज ऐकायला दुकानात जाऊन बसायची.

ही टाकी त्यांनी २०१२ मध्ये स्वतः बांधली. विकतची परवडत नव्हती असं आई म्हणते. विकतच्या टाकीचे सांधे बघवत नव्हते असं पप्पा म्हणतात. दोन्ही खरं असणार.

एप्रिलमध्ये खालच्या काकू वर आल्या. खाली त्यांचं शिलाईचं दुकान आहे. "वहिनी, माझ्या छताला ओल आलीया. तुमच्या माशांचं तर पाणी नाय ना?" असं त्या दारातूनच म्हणाल्या आणि आईनं माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच ते सांडलंय.

एप्रिल-मे म्हणजे काकूंचा सीझन. दुकानात दोऱ्यांवर ब्लाऊज टांगलेले, चिठ्ठ्या टाचलेले, काहींवर आरीवर्क झालेलं, काहींचं अस्तर अजून लागायचंय. एकेका ब्लाऊजमागे एकेक नवरी, तिची आई, तिची मावशी. काकूंच्या डोक्यावर बरोबर आमचा हॉल. मी खाली जाऊन ओल बघितली. ताटलीएवढा पिवळट डाग होता, पण टाकीच्या खाली नव्हता. चार-पाच फूट बाजूला, आमच्या न्हाणीकडच्या अंगाला होता. अर्थात पाणी जिथं गळतं तिथंच दिसतं असं नसतं. स्लॅबच्या आत ते वाट मिळेल तिकडं जातं.

म्हणून मी टाकीभोवती मोबाईलचा टॉर्च घेऊन बसले. आणि मागच्या डाव्या कोपऱ्यात, खालून तीन बोटांवर, ते दिसलं.

आता सांधा म्हणजे काय ते आधी सांगते, कारण मलाही ते नीट तेव्हाच कळलं. काचेच्या टाकीला हल्ली ना चौकट असते ना स्क्रू. पाच काचा आणि त्यांच्यामध्ये सिलिकॉन. जुन्या काळी लोखंडी अँगलची चौकट करून काचा आतून लांबीनं बसवायचे. पप्पांनी त्यांच्या उमेदवारीत तशा टाक्या दुरुस्त केल्यात, आणि ती लांबी सुकून भेगाळायची हेही बघितलंय. सिलिकॉन आलं आणि चौकट गेली. काचेच्या दोन कडांच्या मध्ये एखाद मिलिमीटर जाडीचा जो थर असतो, तोच सगळा भार धरतो. आतल्या कोपऱ्यात बोटानं फिरवलेली जी गोलसर पट्टी आपल्याला दिसते, ती नुसती त्या थराची राखणदार. त्यामुळे पट्टी सुटली म्हणजे टाकी फुटली असं नाही. पण राखणदार उठून गेला की आतल्या मालकाची काळजी करावी लागते.

आमच्या त्या कोपऱ्यात पट्टीची कड उचलली होती आणि तिच्याखाली हिरवं शेवाळ शिरलं होतं. ते एक. दुसरं म्हणजे, बाहेरून काचेतून बघितलं की मुख्य थरात एक चपटा बुडबुडा दिसत होता, चांदीच्या वर्खासारखा चमकणारा. बांधतानाच अडकलेले बारीक बुडबुडे बऱ्याच टाक्यांत असतात आणि ते वर्षानुवर्षं तिथंच निमूट राहतात. वाईट तो, जो वाढतो. किंवा जो थराच्या आतल्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत पोचायला निघालाय. आमचा कुठल्या जातीचा, ते एका नजरेत सांगता येत नव्हतं.

मी स्केचपेननं बाहेरून त्याच्याभोवती रेघ मारली, तारीख लिहिली, फोटो काढला.

गळतंय का, हे बघायची रीत सोपी आहे आणि फुकट आहे. टाकीच्या खाली चारी कडांना वर्तमानपत्र सरकवायचं. कागद खोटं बोलत नाही. एक थेंब पडला तरी सुकल्यावर सुरकुती राहते. शिवाय टाकीशेजारी स्टीलचं एक पातेलं पाण्यानं भरून ठेवायचं, टाकीइतकंच उघडं. दोन्हींवर पाण्याची खूण करायची. कारण उन्हाळ्यात टाकीतलं पाणी रोज उतरतंच, ते हवेत जातं, आणि माणसं उगाच सांध्यावर आळ घेतात. आमच्या टाकीत एक सेंटीमीटर पाणी म्हणजे साडेपाच लिटर. तीन दिवसांत टाकी बारा मिलिमीटरनं उतरली. पातेलं अकरानं. कागद कोरडा.

म्हणजे टाकी गळत नव्हती. काकूंच्या डोक्यावरची ओल न्हाणीच्या जाळीखालून येत होती. आम्ही दोन दिवस न्हाणी बंद ठेवून शेजारी अंघोळी केल्या तेव्हा डागाची कड सुकायला लागली.

पप्पा जिंकल्यासारखे खुर्चीत बसले. "बघ. म्हणलं नव्हतं? माझा सांधा हाय तो."

इथंच खरं तर लेख संपायला हवा होता. पण बाराव्या दिवशी बुडबुडा माझ्या रेघेच्या बाहेर आला होता. फार नाही, तांदळाच्या अर्ध्या दाण्याएवढा.

पप्पांना हे सांगणं माझ्यासाठी सोपं नव्हतं आणि त्याचं कारण मासे नाहीत. दोन वर्षांपूर्वी त्यांचा उजवा हात थरथरायला लागला. आधी चहाच्या बशीत आवाज व्हायचा, मग सही बदलली, मग डॉक्टरांनी पार्किन्सन्स म्हटलं आणि गोळ्या सुरू झाल्या. दुकान त्यांनी आपणहून सोडलं. मालकांनी काही म्हणायच्या आत. एका ग्राहकाच्या आजोबांच्या फोटोची काच त्यांच्या हातून वाकडी गेली, त्यांनी कटर पुसली, रुमालात गुंडाळली आणि घरी आले. ती कटर अजून देवघराच्या खणात आहे. त्यानंतर दिवसातला निम्मा वेळ ते टाकीसमोर असतात. टाकीत एकच मोठा मासा आहे, ऑस्कर, अॅमेझॉनच्या खोऱ्यातला, फूटभर लांब, शेपटीजवळ नारिंगी कड्याचा काळा डोळ्यासारखा ठिपका असलेला. वय अकरा. पप्पा त्याला रावसाहेब म्हणतात. ऑस्कर माणूस ओळखतो, हे मी कुणाला पटवायच्या भानगडीत पडत नाही. आमच्याकडे येऊन बघा. मी खोलीत आले तर तो ढिम्म असतो. पप्पा आले की काचेला नाक लावतो. पप्पांचा थरथरता हात काचेवर असला की तो त्या बोटांच्या मागे मागे फिरतो, आणि त्या हाताला घरात तेवढंच कुणीतरी न घाबरता बघत असतं.

तर त्यांच्या हातची जी शेवटची मोठी वस्तू घरात उभी आहे, तिचा सांधा सुटत चाललाय, असं मला म्हणायचं होतं.

मी आकड्यांकडून सुरुवात केली. पाण्याचा दाब खोलीवर ठरतो, टाकी मागे किती पसरलीय यावर नाही. आमच्या समोरच्या काचेमागे दीड फूट पाणी असो की अख्खा शिवसागर जलाशय, पाण्याची उंची तीच असेल तर काचेवरचा रेटा तोच. आमच्या मापाला तो येतो साधारण ११० किलो. दोन माणसं चोवीस तास, तेरा वर्षं काच बाहेर ढकलतायत. उंची दुप्पट केली तर रेटा चौपट होतो, म्हणून बुटकी टाकी सुखी. आणि दाब सगळ्यात जास्त तळाशी, म्हणजे बरोबर त्या तीन बोटांच्या उंचीवर.

"शिवसागरचं मला शिकवतीस व्हय?" पप्पा म्हणाले.

आमचं मूळ गाव पाटण तालुक्यातलं. ११ डिसेंबर १९६७ ला पहाटे कोयनानगरला भूकंप झाला तेव्हा पप्पा पाच वर्षांचे होते. साडेसहाच्या आसपासचा भूकंप, पावणेदोनशेच्या वर माणसं गेली. त्यांना आठवतं ते एवढंच की त्या थंडीत कित्येक रात्री सगळं गाव घराबाहेर झोपलं आणि आजीनं त्यांना गोधडीत बांधून ठेवलं होतं. नंतर लहानपणभर एकच धाक ऐकला: धरण फुटलं तर. पाटण-कराडकडच्या जुन्या माणसांना अजून भांडं वाजलं की आधी कोयना आठवते.

"धरणाला तडं गेलं होतं तवा," ते म्हणाले. "म्हणून कुणी धरण पाडलं का?"

हे खरं आहे. कोयना धरण १०३ मीटर उंच, आणि त्या भूकंपात त्याच्या काही भागांना आडवे तडे गेले, जिथं भिंतीचा मागचा उतार एकदम बदलतो त्या पातळीच्या आसपास. धरण उभं राहिलं. पण मी त्याबद्दल वाचलं होतं, आणि पप्पांना तेच सांगितलं: ते तसंच सोडून नाही दिलं. तडे इपॉक्सी भरून बुजवले, पोलादी केबलींनी भिंत ताणून धरली, आणि पुढं काही वर्षांत मागून काँक्रीटचे जाडजूड टेकू दिले. सांडव्याचा भाग तर या शतकात येऊन भक्कम केला. आज ज्या भिंतीमागे १०५ टीएमसी पाणी अडतं ती १९६७ ची भिंत नाही.

पप्पा गप्प बसले. रावसाहेब काचेला नाक लावून होता.

सांगलीहून ताईचा फोन आला. ताईचं मत ठाम असतं. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली, धोक्याची पातळी ४५ ची. ताईच्या तळमजल्यात छताजवळ चिखलाची रेघ राहिली ती त्यांनी दोनदा रंग देऊनही पावसाळ्यात अजून उमटते. घरात साठवलेलं पाणी ही कल्पनाच तिला सहन होत नाही. "देऊन टाका तो मासा कुणाला तरी," ती म्हणाली. "पप्पांना टीव्ही आहे की." मग थोडं थांबून, "आणि बर्लिनचं बघितलंस ना?"

बर्लिनचं सगळ्यांनीच बघितलं होतं. १६ डिसेंबर २०२२ ला पहाटे एका हॉटेलच्या लॉबीतली दंडगोल टाकी फुटली. दहा लाख लिटर पाणी, सुमारे दीड हजार मासे, त्यातले बहुतेक मेले. पहाट होती म्हणून माणसं वाचली, दोघांना किरकोळ लागलं. ती काच नव्हती, अॅक्रिलिक होतं. पुढं तज्ज्ञांनी तपास केला तेव्हा कारण नक्की सांगता आलं नाही; चिकटवलेला सांधा सुटला असावा, ही त्यांनी मांडलेल्या शक्यतांपैकी एक. मला त्या बातमीतलं हेच वाक्य लक्षात राहिलं. एवढे तज्ज्ञ, एवढे तुकडे हातात, आणि तरी नक्की नाही. इथं आम्ही फुटायच्या आधी ठरवायला निघालो होतो, एका तांदळाच्या अर्ध्या दाण्यावरून.

शेवटी पप्पांना हलवलं ते कोयनेनं नाही आणि बर्लिननंही नाही. काकूंनी एक ब्लाऊज दुरुस्तीसाठी आईकडे वर पाठवला होता, हातशिलाईचं काम आई करते. जांभळ्या पैठणीचा, बाहीवर मोर. पप्पा तो उजेडात धरून बघत बसले. काचा कापणाऱ्या माणसाला बारीक काम कळतं. मग म्हणाले, "कुणाची तरी पोरगी हाय ही." आणि थोड्या वेळानं, "टब आण."

पुढचं सगळं कामच होतं, आणि मला ते मनापासून आवडलं.

रावसाहेबाला शंभर लिटरच्या निळ्या टबात हलवलं, वर जाळी आणि जाळीवर दोन विटा, कारण ऑस्कर उडी मारतो. जुनं पाणी टाकून दिलं तरी चालतं, फिल्टरचा स्पंज मात्र सुकू द्यायचा नाही. माशाच्या विष्ठेतून अमोनिया होतो, स्पंजमध्ये राहणारे जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. ते जिवाणू मेले की स्वच्छ दिसणाऱ्या पाण्यात मासा गुदमरतो. म्हणून स्पंज माशाच्या आधी टबात गेला.

मग टाकी खाली काकूंच्या दुकानामागच्या अंगणात उतरवली. चौघं लागले. सांधा कापायला ब्लेड आत पोचत नाही; माझ्या कॉलेजातल्या गिटारची पहिली तार काढली, दोन टोकांना लाकडी रिळं बांधली आणि करवतीसारखी ओढत नेली. गिटारचा इतका उपयोग मी चार वर्षांत केला नव्हता. पप्पा खुर्चीवर. एकेक काच सुटत होती आणि ते तिच्या कडेवरून अंगठा फिरवत होते. मागची डावी कड सुटल्यावर त्यांनी ती उन्हात धरली. इतर सांध्यांचं सिलिकॉन काचेला घट्ट धरून होतं, तार ओढून ओढून माझे तळवे सोलले. इथं मात्र चार बोटं लांबीचा तुकडा अख्खा सोलपटासारखा निघून आला, खाली काच लख्ख. पप्पांनी तो तुकडा हातात घेतला, ताणून बघितला, खिशात ठेवला. काही बोलले नाहीत.

आईची थिअरी अशी की २०१२ मध्ये नेमका तो कोपरा भरताना ताईच्या स्थळाचा फोन आला होता आणि पप्पा मध्येच उठले होते. पप्पांना हे मान्य नाही. सिलिकॉनचं आयुष्य दहा ते वीस वर्षं धरतात, आपली तेरा झाली, असं ते म्हणतात.

जुन्या सिलिकॉनला नवं सिलिकॉन धरत नाही. वरून थापून भागत असतं तर पाच मिनिटांचं काम होतं. सगळं खरवडून, ब्लेडनं, मग स्पिरिटच्या फडक्यानं पुसून काच अशी करावी लागते की बोट लावलं तर ठसा उठेल. ट्यूबही बघून घ्यावी लागते. बाथरूमसाठी बुरशी न धरणारं सिलिकॉन मिळतं, बुरशी मारणारं ते औषध माशालाही मारतं. साधं, नुसतं सिलिकॉन हवं, लावताना व्हिनेगरसारखा वास येणारं. तो वास अॅसेटिक अॅसिडचा. सिलिकॉन हवेतला ओलावा घेऊन घट्ट होतं आणि घट्ट होताना ते सोडतं. वास पूर्ण जाईपर्यंत पाणी भरायचं नाही.

गन माझ्या हातात आली. पप्पांनी एकदा घेऊन बघितली होती. रेघ काचेच्या कडेवर नागमोडी गेली, त्यांनी गन माझ्याकडे दिली आणि फडक्यानं कड पुसली.

"कोपर अंगाला लाव. मनगट हलवायचं न्हाई, खांदा न्यायचा."

मी ओढायला लागले.

"थांबू नको मधी. थांबलीस की हवा शिरती."

फोन वाजत होता. आईनं तो उचलून आत नेला. मी न थांबता चार फूट गेले. पप्पा माझ्याबरोबर बाजूनं चालत होते, कमरेत वाकून, हात मागे बांधून, उजवा हात डाव्यानं घट्ट धरून. काचा उभ्या केल्या, मध्ये काडेपेटीच्या काड्यांनी फट सारखी ठेवली, चिकटपट्ट्यांनी चारी बाजू आवळल्या. आतली पट्टी फिरवायला त्यांनी स्वतःचं बोट पुढं केलं. ते काम थरथरत्या हातानंही झालं. उलट कडेला बारीकशी लाट आली आहे ती नीट बघितली तरच दिसते.

दहा मिनिटांत वरची साय धरली. आतलं घट्ट व्हायला दिवस लागतात, आणि एप्रिलच्या कोरड्या हवेत जास्तच, कारण ओलावाच नाही. आम्ही नऊ दिवस थांबलो. मग अंगणातच, थर्मोकोलवर, लेव्हल बघून, नळाला कासचं पाणी आल्यावर तिसरा हिस्सा भरली. दुसऱ्या दिवशी दुसरा. तिसऱ्या दिवशी पूर्ण. खाली वर्तमानपत्र. रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी काकू स्वतः येऊन कागद चाचपून जायच्या आणि वर बघून ओरडायच्या, "कोरडा!"

चार दिवस कागद कोरडा राहिला. ते पाणी आम्ही बादल्यांनी झाडांना घातलं आणि टाकी वर चढवली. समोरची काच मध्यात फुगतेय का ते बघायला पप्पांनी वरच्या कडेला दोरा ताणून धरायला सांगितला. मधोमध फरक दीड मिलिमीटरचा. तरी त्यांनी वरून एक आडवी पट्टी जास्तीची बसवायला लावली. ती काच त्यांनी कापली. देवघरातली कटर काढून, डाव्या हातानं पट्टी दाबून, मला उजव्या हाताचं मनगट धरायला लावून. टक् आवाज आला. कड सरळ होती.

रावसाहेब नव्या टाकीत सोडल्यावर दोन दिवस तळाला आडवा पडून राहिला. ऑस्कर जागा बदलली की असे रुसतात, हे माहीत असूनही आईनं दोनदा उठून बघितलं. तिसऱ्या दिवशी पप्पांच्या हातून त्यानं खाल्लं.

मागच्या डाव्या कोपऱ्यावर मी नव्यानं तारीख घातली आहे. न्हाणीचा प्लंबर उद्या येतो म्हणून गेलाय, त्याला तीन आठवडे झाले. काकूंनी त्या डागाखाली सध्या परात ठेवलीय.